अल्टोचे रुंद टायर, पांदणीचा चिखल आणि माझा ताणकाटा

वासरांचं वजन करायचा ताणकाटा मी गाडीच्या स्टेअरिंगला अडकवला, तेव्हा आमच्या दवाखान्यातले परिचर काका हातातली बादली तशीच धरून उभे राहिले. "मॅडम, गाडीचं वजन करता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गाडीचं नाही काका, माझ्या खांद्याचं."

खरंच, खांद्यापासूनच सगळं सुरू झालं होतं. मी घाटंजी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. कृत्रिम रेतन, लाळ-खुरकूतची लस, अडलेली गाय, पोट फुगलेली शेळी, असं जे येईल ते. मोटरसायकलवर रेतनाच्या कांड्या गोठवून ठेवणारा द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधून पाच वर्षं फिरले, मग कंबर बोलायला लागली म्हणून जुनी अल्टो 800 घेतली. 2014 ची गाडी, पॉवर स्टेअरिंग नाही. इंजिन 796 सीसीचं, अंगाने सातशे किलोच्या आसपास. कंटेनर मागे नीट बसतो, दवाखान्याची पेटी पुढच्या सीटखाली जाते आणि पांदणीत समोरून बैलगाडी आली तर बाजूला घ्यायला जागा मिळते. मला एवढंच हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिचे टायर भेगाळले. गोट्या अजून शिल्लक होत्या, पण टायरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या रबरावर, बारीक चिरा पडल्या होत्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि दवाखान्याच्या अंगणात गाडीला सावली नाही. यवतमाळला टायरच्या दुकानात गेले तर तिथल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, हे बाराचे टायर काढून टाका. तेराचं रिम घ्या, एकशे पासष्ट टाका. गाडी उचलते, रोडला चिकटते, दिसतेही भारी." रिम सेकंडहँड होती, कुठल्याशा मोठ्या गाडीची. बोल्टची भोकं जुळली, चाक बसलं, आणि माझे 18,500 रुपये गेले. दुकानदाराला मी दोष देत नाही. तो शहरातल्या गाड्या बघतो. माझी गाडी कुठे जाते हे त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. जुन्या टायरवर 145/80 R12 असं कोरलेलं होतं. यातला 145 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे भिंतीची उंची, तीही रुंदीच्या टक्क्यांत. 145 चे 80 टक्के म्हणजे 116 मिलिमीटर. R म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची बांधणी, आणि 12 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. नव्यावर होतं 165/70 R13. इथे मी पहिली फसले. मला वाटलं 80 च्या जागी 70 आलं, म्हणजे भिंत ठेंगणी झाली असणार. पण 165 चे 70 टक्के काढले तर 115.5. म्हणजे भिंत जवळपास तेवढीच राहिली आणि वर एक इंच रिम वाढली. आख्ख्या चाकाचा व्यास 537 मिलिमीटरवरून 561 वर गेला. जवळजवळ साडेचार टक्के.

गाडी उचलते म्हणाला होता ना? व्यास वाढला 24 मिलिमीटरने, म्हणजे गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी, 12 मिलिमीटर. माझ्या करंगळीच्या जाडीएवढी. त्या करंगळीसाठी काय काय द्यावं लागलं ते पुढे येतंच.

पहिले आठ दिवस मी खूश होते, हे सांगितलंच पाहिजे. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना गाडी पूर्वीपेक्षा ठाम वाटायची. वळणावर स्टेअरिंग वळवलं की टायर आधी लचकायचा आणि मग गाडी वळायची, तो मधला अर्धा क्षण आता राहिला नव्हता. शेजारून ट्रक गेला की हलकी गाडी वाऱ्याने सरकते, तेही कमी झालं. कोरड्या, सपाट डांबरावर रुंद टायर चांगला चालतो यात शंका नाही. ज्यांचं सगळं जाणं-येणं तिथेच आहे त्यांना मी अडवणार नाही.

पण माझा दिवस डांबरावर थोडा आणि बाहेर जास्त जातो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते गोठ्यासमोर गाडी वळवताना. उभ्या जागी स्टेअरिंग फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागायला लागला. जागेवर वळवताना टायर गडगडत नसतो, जमिनीवर नुसता घासून फिरतो. त्याची टेकलेली जागा जितकी रुंद, तितकी तिची टोकं मधल्या बिंदूपासून लांब घासत जातात. दिवसाला दहा-बारा गोठे, प्रत्येक ठिकाणी दोनदा-तीनदा गाडी मागेपुढे. जूनपर्यंत उजवा खांदा रात्री उशीवर टेकेना.

माझा एक समज इथे मोडला. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त टायर टेकतो असं मीही मानत होते. हवा तेवढीच भरली आणि वजन तेवढंच असलं तर टेकलेली जागा एकूण फारशी वाढत नाही. पुढच्या एका चाकावर समजा अडीचशे किलो येतात आणि हवा तीस आहे (दर चौरस इंचाला तीस पाउंड), म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण दोन किलो. मग टेकणारी जागा होते सव्वाशेच्या आत-बाहेर चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका पोस्टकार्डाएवढी. टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात म्हणून हा हिशोब कागदी आहे, पण अंदाज येतो. टायर रुंद केला की ते पोस्टकार्ड मोठं होत नाही, आडवं होतं. रुंदीत वाढतं, लांबीत घटतं. आणि वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ना, त्यातला बराच वाटा त्या लांबीचा असतो. माझ्या गाडीचं सरळ येणं मंदावलं होतं. हे आधी माझ्या हाताला कळलं, का ते नंतर कळलं.

दुसरी गोष्ट रिमची. ती मोठ्या गाडीची होती, त्यामुळे चाक मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलं होतं. दिसायला रुबाबदार. पण पुढचं चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली जमिनीला एका ठिकाणी टेकतो असं धरा. कंपनीने चाकाचा मधला भाग त्या जागेच्या जवळपास ठेवलेला असतो. चाक बाहेर काढलं की हे अंतर वाढतं, आणि मग एका चाकाला लागलेला प्रत्येक दगड त्या अंतराच्या तरफेने स्टेअरिंग ओढतो. वखर हाणणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. वखराच्या पासेच्या, म्हणजे लोखंडी पात्याच्या, टोकाला दगड अडला की रुमणं, म्हणजे वरची मूठ, हातात गर्रकन फिरतं, आणि पास जितकी लांब तितका हिसका मोठा. माझ्या वडिलांचा अंगठा असाच एकदा मुरगळला होता. पारव्याच्या बाजूला एका खड्ड्यात डावं चाक गेलं तेव्हा माझ्या अंगठ्यालाही तोच हिसका बसला. तेव्हापासून मी अंगठा स्टेअरिंगच्या आत धरत नाही, बाहेरून धरते. बाहेर आलेल्या चाकाने बेअरिंगवरचा भारही वाढतो, आणि पूर्ण वळणाला टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा तो आवाज वेगळाच.

तिसरी गोष्ट चाकोरीची. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन खोल रेघा असतात. पावसाळ्यात त्या लोण्यासारख्या असतात आणि दिवाळीनंतर वाळून सिमेंटसारख्या होतात. जुना अरुंद टायर चाकोरीच्या तळाशी चालायचा, नाहीतर सरळ वरच्या कडेवर. नवा टायर अर्धा कडेवर आणि अर्धा खाली राहायचा. टायरच्या एका खांद्यावर भार आला की तो त्या उताराकडे गाडी ओढतो. मी गाडी चालवते आहे की चाकोरी मला चालवते आहे, असा प्रश्न रोज पडायचा. दोन्ही हात घट्ट, मान पुढे, आणि तालुक्याच्या ठिकाणी परत येईपर्यंत डोकं दुखायचं.

मग जुलै आला.

रात्री साडेनऊला फोन आला. गाय अडली होती, पहिलटकर, वासराचा एकच पाय बाहेर. गाव डांबरी रस्त्यापासून आत, पांदणीने दीड किलोमीटर. तीन दिवसांची झड लागलेली. मी निघाले. पहिले पाचशे मीटर गाडी गेली. मग स्टेअरिंग आधी जड झालं, मग अडकलं. वळेचना. मला वाटलं काहीतरी तुटलं. उतरून बॅटरी मारली तर पुढच्या दोन्ही चाकांच्या आणि मडगार्डच्या मधली जागा काळ्या मातीने ठासून भरलेली. आमची कपाशीची काळी माती ओली झाली की चिकटते, आणि चिकटलेल्या मातीला पुन्हा माती चिकटते. जुन्या चाकाभोवती बोटं घालायला मोकळी जागा होती, माती यायची आणि गळून पडायची. नव्या चाकाने ती जागा खाऊन टाकली होती. टायर फिरायच्या ऐवजी मातीत गच्च बसला होता.

गाडी तिथेच ठेवली. पेटी डोक्यावर घेतली, एका हातात बॅटरी, आणि उरलेलं अंतर चिखलातून चालत गेले. पायातली चप्पल एका ठिकाणी रुतून राहिली, ती तशीच सोडली. गोठ्यात पोचले तेव्हा गाय आडवी पडलेली. वासराचा दुसरा पाय आत दुमडलेला होता. हात घालून खूर तळहातात धरला, गर्भाशयाला इजा होऊ नये म्हणून झाकून घेतला आणि कळ ओसरेपर्यंत थांबून तो पाय सरळ केला. साडेअकराला वासरू बाहेर आलं. नाकातला चिकटा काढला, गवताने खसाखसा चोळलं, आणि ते शिंकलं. कालवड होती. चालण्यात गेलेला माझा अर्धा तास तिला पचला, पण प्रत्येक वासराला पचेलच असं नाही. तो अर्धा तास मी टायरवर घालवला होता, हे मला त्या रात्री फार लागलं.

परत येताना गायीचे मालक कंदील आणि खुरपं घेऊन सोबत आले. गाडीजवळ उकिडवे बसले आणि बैलाच्या खुरातला खडा काढावा तशी त्या चाकातली माती काढू लागले. अर्धा तास लागला. मग हाताने चाक चाचपून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हिच्या पायाले हालाले जागाच नाही ठेवली तुमी. बैलाले कोनी घोड्याची नाल ठोकते का?"

त्यांनी आयुष्यात चारचाकी चालवलेली नाही. पण मला जे चार महिने कळत नव्हतं ते त्यांनी बोटांनी चाचपून सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच काही मी टायर बदलले नाहीत. पैसे गेले होते, आणि पैसे गेलेल्या वस्तूचा मोह सुटत नाही. नव्या टायरच्या बाजूने मी मनात कारणं शोधत राहिले. पण एकदा बघायला लागल्यावर बाकीची कारणंही दिसत गेली. चाक मोठं झालं म्हणजे एका किलोमीटरला फेरे कमी होतात. पूर्वी साधारण 593 व्हायचे, आता 567. स्पीडोमीटर फेरे मोजतो, रस्ता नाही. काटा साठवर असताना गाडी पावणेत्रेसष्टने जायची. शंभर किलोमीटर फिरले तरी मीटरवर साडेपंच्याण्णव-शहाण्णवच पडायचे. माझ्या फिरतीच्या डायरीत अंतर कमी लागत होतं, आणि ॲव्हरेज पडलं म्हणून मी पेट्रोलपंपाला नावं ठेवत होते, ते वेगळंच. चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांब झाला. कंटेनर आणि परिचर काका दोघंही गाडीत असले की यवतमाळच्या अलीकडच्या चढावर तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागायचा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना स्टेअरिंग एकदम हलकं, पोकळ व्हायचं. अरुंद टायर पाणी कापतो, रुंद टायर त्यावर लवकर तरंगतो.

आणि स्टेपनी. ती जुनीच होती, बाराची. एकदा पुढचं चाक पंक्चर झालं आणि मी बाराची स्टेपनी पुढे लावली. एका बाजूला 561 चं चाक, दुसऱ्या बाजूला 537 चं. गाडी सतत लहान चाकाकडे ओढायची. सरळ रस्त्यावरही दोन चाकांचे फेरे सारखे नसल्यामुळे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे आतले गिअर, म्हणजे डिफरन्शियल, अखंड काम करत राहतात. पंक्चरवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "हे असं लांब नका नेऊ, डिफरन्शियल खाते." मी त्या दिवशी तीसच्या वर वेग नेला नाही.

हे सगळं झाल्यावर ताणकाटा काढला. मला माझ्या खांद्याच्या तक्रारीला एक आकडा हवा होता. अंगणात सिमेंटची सपाट जागा आहे, तिथे गाडी उभी केली, चाकं सरळ. स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला, घड्याळात तीन वाजतात त्या जागी सुतळीची गाठ मारली, तिच्यात ताणकाट्याचा हूक घातला आणि सरळ खाली ओढत गेले. स्टेअरिंग हलायला सुरुवात होते त्या क्षणी काटा कुठे आहे ते बघायचं. तीनदा ओढलं. 15 किलोच्या आसपास. नुकत्याच जन्मलेल्या गावरान वासराएवढं वजन मी प्रत्येक गोठ्यासमोर हातांनी उचलत होते.

मग जुन्या रिमा काढल्या. त्या मी औषधांच्या खोलीत ठेवल्या होत्या, ते बरं केलं. त्यांच्यावर नवे 145/80 R12 चढवले. बॅलन्सिंग करून घेतलं, व्हील अलाइनमेंट केलं आणि हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरली. त्याच जागी, त्याच सुतळीने ओढलं. साडेअकरा.

खरी गंमत पुढे आहे. मी मुद्दाम पुढच्या चाकांची हवा वीसपर्यंत उतरवली आणि पुन्हा ओढलं. 14! म्हणजे योग्य मापाच्या टायरमध्ये हवा कमी असली तर तो जवळपास रुंद टायरइतका जड होतो. आमच्याकडे किती जण महिनोन् महिने हवा बघत नाहीत, आणि मग गाडी जड झाली म्हणून मेकॅनिककडे स्टेअरिंग बॉक्स उघडायला सांगतात. आधी हवा बघा. हे मी आता जो भेटेल त्याला सांगते. स्वतःचा हवा मोजायचा गेज घेतलाय, आणि सकाळी टायर थंड असतानाच बघते. आमच्या उन्हात दुपारी मोजलं तर आकडा वर दिसतो आणि माणूस उगाच हवा सोडून देतो.

टायरचं माप बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. अल्टो के-टेनला कंपनीनेच 13 ची रिम दिली होती, 155/65 R13. पण तो हिशोब बघा. रिम एक इंच वाढवली तर भिंत 116 वरून 101 वर आणली, आणि आख्खं चाक 532 मिलिमीटरचं ठेवलं, माझ्या जुन्या चाकाच्या एक टक्क्याच्या आत. व्यास सांभाळला, मडगार्डमधली जागा सांभाळली, त्या रिमचं आत-बाहेर बसणंही त्या गाडीसाठी ठरवलं. एक इंच वाढवायचा असेल तर असा वाढवतात. भिंत ठेंगणी झाल्यामुळे वळणावर गाडी चटकन ऐकते, फक्त खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते. आमच्या रस्त्यांवर मी ती भीती विकत घेणार नाही. यवतमाळ शहरात राहत असते तर कदाचित घेतली असती.

आणखी एक बघायचं म्हणजे मापाच्या मागे लिहिलेला भाराचा आकडा. माझ्या टायरवर 74 आहे, त्याचा अर्थ एक टायर 375 किलो पेलतो. 73 असेल तर 365. दुसऱ्या मापाचा टायर घेताना हा आकडा आपल्या मूळ टायरपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. मागे चारजण आणि डिकीत दोन पोती तूर हे आमच्याकडे रोजचं आहे.

तेराच्या रिमा आणि टायर मी एका शेतकऱ्याला दिले. त्याने त्यांच्यावर फवारणीच्या पंपाची ट्रॉली बनवली आहे, आणि ती छान चालते.

गेल्या आठवड्यात गावातल्या शाळेचे सर आले होते. त्यांचीही अल्टो, तेच मॉडेल, आणि त्यांनाही कोणीतरी रुंद टायर सुचवलेत. मी काहीच बोलले नाही. त्यांची गाडी सिमेंटवर घ्यायला लावली, हवा बघितली तर बावीस. स्टेअरिंगला सुतळी बांधली आणि ताणकाटा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी ओढलं, 13 भरले. मग हवा स्टिकरप्रमाणे भरून पुन्हा ओढायला लावलं. साडेअकरा. सरांनी दोन्ही आकडे खिशातल्या डायरीत लिहून घेतले आणि जाताना विचारलं, पुढच्या सोमवारी त्यांच्या मेहुण्याची गाडी आणली तर चालेल का. मी म्हटलं, सकाळी आठच्या आत आणा, ऊन चढायच्या आधी.